वेबपानातील परक्या घटकांशी स्क्रिप्टने संवाद: सर्व ब्राउझरांत टिकणारी पद्धत

पुण्यातील एखाद्या नाट्यसंस्थेचे संकेतस्थळ उदाहरणादाखल घेऊ. प्रयोगाच्या पानावर वरच्या बाजूला नाटकाची झलक दाखवणारा यूट्यूबचा व्हिडिओ असतो, मध्ये भरत नाट्य मंदिराकडे किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाकडे जाण्याचा नकाशा असतो आणि खाली तिकीटविक्री करणाऱ्या कंपनीचा आसननिवडीचा तक्ता असतो. यांपैकी एकही गोष्ट संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येत नाही, तरीही प्रेक्षकाला ते एकच पान वाटले पाहिजे. त्याने दोन खुर्च्या निवडल्या की शेजारच्या चौकटीत रक्कम दिसावी, तक्ता लांबला की त्याची चौकट उंच व्हावी आणि तिकीट काढायला घेतले की व्हिडिओ थांबावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

कार्यालयातील संगणकावर क्रोममध्ये हे सारे सुरळीत चालते आणि प्रयोगाच्या दिवशी पीएमपीच्या बसमधून आयफोनवर तिकीट काढू पाहणाऱ्या प्रेक्षकासमोर मात्र तक्ता कोरा राहतो. अशा वेळी ब्राउझरला दोष देण्याची सवय आपल्याकडे रूढ आहे. माझ्या मते बहुतेक अडचणी दोन गृहीतकांतून उद्भवतात: समोरचा घटक तयारच आहे आणि समोरचा घटक आपल्याला वाटतो तोच आहे. पुढील मांडणीचा बराचसा भाग ही दोन गृहीतके काढून टाकण्याविषयी आहे. कोडमधील नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, लहानमोठी अक्षरे सांभाळून लिहावीत.

घटक कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवावे

जुन्या पानांत ऑब्जेक्ट, एम्बेड आणि ॲपलेट हे टॅग सापडतात. नेटस्केप या जुन्या ब्राउझरने एनपीएपीआय ही प्लगइनची (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमांची) पद्धत आणली, तर मायक्रोसॉफ्टने १९९६ साली इंटरनेट एक्सप्लोरर ३ सोबत ॲक्टिव्हएक्स ही स्वतःची पद्धत आणली आणि तेव्हापासून एकाच घटकासाठी दोन प्रकारे कोड लिहिण्याची वेळ आली. तो काळ आता संपला आहे. क्रोमने २०१५ साली ४५व्या आवृत्तीत एनपीएपीआय काढून टाकले, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२व्या आवृत्तीपासून फ्लॅश (ॲनिमेशन आणि व्हिडिओ चालवणारे प्लगइन) वगळता बाकी प्लगइन बंद केले आणि फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबला. त्यामुळे जुन्या पानात यांपैकी काही आढळले, तर ते दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. ते बदलावेच लागते.

भोसरी-चाकण पट्ट्यातील एखाद्या कारखान्याची अंतर्गत प्रणाली अजून ॲक्टिव्हएक्सवर अवलंबून असेल, तर एज ब्राउझरमधील आयई मोड (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसाठीची पाने चालवण्याची सोय) हा तात्पुरता आसरा आहे. मायक्रोसॉफ्टने तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे जाहीर केले आहे. ही मुदत स्थलांतराच्या नियोजनासाठी वापरावी, नवे काम त्यावर उभारण्यासाठी नव्हे. डिजिटल स्वाक्षरीसाठी पूर्वी जावा ॲपलेट (पानात चालणारा जावा भाषेतील छोटा प्रोग्रॅम) वापरले जाई. आता त्या जागी संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम बसवून वेबपान त्याच्याशी लोकलहोस्टवरून (त्या संगणकाच्या स्वतःच्या पत्त्यावरून) बोलते. ही पद्धत चालते, परंतु क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्या स्थानिक नेटवर्कशी बोलण्यापूर्वी वापरकर्त्याची परवानगी विचारतात, हे मदतपुस्तिकेत चित्रासह सांगितलेले बरे.

उरतात दोन जाती. एक आयफ्रेम, म्हणजे दुसऱ्याचे संपूर्ण पान आपल्या पानाच्या चौकटीत. दुसरी कस्टम एलिमेंट, म्हणजे आपल्याच पानात आपल्याच अधिकाराने चालणारा नवा टॅग. परक्या कंपनीचा घटक असेल, तर माझी स्पष्ट पसंती आयफ्रेमला आहे. परक्याची स्क्रिप्ट थेट आपल्या पानात घातली, की तिला आपल्या फॉर्ममधील प्रत्येक अक्षर वाचता येते. आयफ्रेममध्ये ब्राउझर स्वतः भिंत उभी करतो.

ती भिंत नेमकी कुठे आहे

भिंतीचे मोजमाप ओरिजिनवर ठरते. ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्टचे नाव आणि पोर्ट या तिघांचा संच. त्यामुळे तीन डब्ल्यू असलेला पत्ता आणि नसलेला पत्ता हे दोन निराळे ओरिजिन ठरतात. विकासाच्या संगणकावर ३००० क्रमांकाच्या पोर्टवर चालणारे पान आणि ५००० वर चालणारा घटक हेही परस्परांना परकेच.

परक्या आयफ्रेमचे कंटेंटडॉक्युमेंट (आतले पान) मागितले, तर ब्राउझर नल (म्हणजे काहीच नाही) परत देतो आणि स्क्रिप्ट पुढे चालू राहते. तेच आपण कंटेंटविंडोमधून (चौकटीच्या खिडकीतून) डॉक्युमेंटकडे जाऊ लागलो, तर सिक्युरिटीएरर येऊन स्क्रिप्ट तिथेच तुटते. एका पानावर शांतता आणि दुसऱ्यावर लाल ओळ दिसण्याचे कारण अनेकदा एवढेच असते. दोन उपडोमेनांना एक भासवण्यासाठी डॉक्युमेंट-डोमेन बदलण्याची जुनी युक्ती क्रोमने आता मुळातच बंद केली आहे, म्हणून तिचा विचारही करू नये. परक्या घटकाशी बोलण्याचा एकच राजमार्ग उरतो आणि तो म्हणजे पोस्टमेसेज, एका खिडकीतून दुसरीला संदेश पाठवण्याची ब्राउझरची सोय.

तयारीची खूण: सर्वांत जास्त लक्ष येथे द्यावे

पहिली पायरी सोपी वाटते: आयफ्रेमचा लोड इव्हेंट (पान उघडल्याची ब्राउझरची सूचना) आला की संदेश पाठवायचा. येथेच घोळ होतो. समोरचा सर्व्हर बंद असला आणि चौकटीत ब्राउझरचे त्रुटीपान आले, तरीही लोड इव्हेंट येतो. आयफ्रेमचा एरर इव्हेंट अशा वेळी उपयोगी पडत नाही. उलट बाजूनेही अडचण आहे. पान आले, तरी त्यातील स्क्रिप्ट नंतर सावकाश येणारी असेल, तर लोडच्या क्षणी ऐकणारे कोणीच नसते. आणि घाईने लोडपूर्वीच संदेश पाठवला, तर चौकटीत अजून रिकामे पान असते. त्याचे ओरिजिन आपण नमूद केलेल्या पत्त्याशी जुळत नाही आणि ब्राउझर तो संदेश टाकून देतो. क्रोम कन्सोलमध्ये (विकसकासाठीच्या नोंदींच्या पट्टीत) तशी नोंद करतो, परंतु आपल्या कोडला काहीच कळत नाही.

म्हणून तयारीची खूण घटकानेच द्यावी. घटकाची स्क्रिप्ट सुरू झाली, तिने आपला संदेशश्रोता (आलेले संदेश ऐकणारे फंक्शन) जोडला, की तिने वरच्या पानाला 'तयार' असा संदेश पाठवावा. वरच्या पानाने आपला श्रोता आयफ्रेम तयार करण्याच्या आधी जोडलेला असावा. हा क्रम उलटला, की वेगवान नेटवर्कवर खूण हुकते आणि मंद नेटवर्कवर मिळते. दोन्ही बाजूंवर आपला ताबा असेल, तर वरच्या पानानेही लोडनंतर 'आहेस का' अशी विचारणा करावी आणि घटकाने तिला 'तयार' असेच उत्तर द्यावे. मग कोण आधी जागे झाले याने फरक पडत नाही. अर्थात 'तयार' हा संदेश दोनदा येऊ शकतो, त्यामुळे पहिल्या वेळी जोडणी पक्की करून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करावे.

याला मुदतीची जोड हवीच. मी साधारणपणे आठ ते दहा सेकंद ठेवण्याचा सल्ला देतो. तेवढ्यात खूण आली नाही, तर चौकटीच्या जागी 'तक्ता उघडत नाही; येथे दाबून नव्या पानात उघडा' असे वाक्य आणि साधा दुवा दाखवावा. प्रेक्षकाला तिकीट हवे असते; ते कोणत्या चौकटीत मिळाले याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

एक सूक्ष्म गोष्ट येथेच सांगतो. आयफ्रेम पानातील एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली, तर ती नव्याने लोड होते आणि निवडलेल्या खुर्च्या पुसल्या जातात. टॅब किंवा पॉपअप दाखवणारी काही तयार साधने ही हलवाहलव आपल्या नकळत करतात. जागा बदलण्याऐवजी सीएसएसने (पानाच्या मांडणीच्या नियमांनी) स्थान बदलावे.

कोण बोलतो आहे याची खातरजमा

संदेश आल्यावर त्याच्यासोबत तीन गोष्टी येतात: डेटा, ओरिजिन आणि सोर्स. ओरिजिनची तुलना पूर्ण मजकुराशी, तंतोतंत करावी. 'पत्त्याची सुरुवात अशी आहे का' किंवा 'पत्त्यात हे नाव येते का' अशी तपासणी धोक्याची असते, कारण आपल्या तिकीट कंपनीच्या नावानेच सुरू होणारे लांब डोमेन कोणीही विकत घेऊ शकते. सोर्सही आपल्या आयफ्रेमच्या कंटेंटविंडोशी जुळवून पाहावा. दोन्ही तपासण्या का, असा प्रश्न पडेल. चौकटीतील पान दुसऱ्या पत्त्यावर गेले, तरी सोर्स तोच राहतो, म्हणून एकट्या सोर्सवर विसंबता येत नाही. आणि एकाच कंपनीच्या दोन चौकटी पानात असतील, तर दोघींचे ओरिजिन सारखेच असते, म्हणून एकटे ओरिजिनही पुरत नाही.

संदेश पाठवतानाही दुसऱ्या जागी नेमका पत्ता द्यावा. तेथे तारांकन (*, म्हणजे कोणताही पत्ता) देण्याचा मोह होतो, कारण त्याने सर्व काही ताबडतोब चालू लागते. परंतु मग चौकटीत त्या क्षणी जो कोणी असेल, त्याला तो संदेश वाचता येतो. अपवाद एकच आहे. आयफ्रेमला सँडबॉक्स ॲट्रिब्यूट (आतल्या पानाचे अधिकार कमी करणारी सूचना) लावून त्यात अलाउ-सेम-ओरिजिन दिले नाही, तर त्या पानाचे ओरिजिन अपारदर्शक (कोणत्याही पत्त्याशी न जुळणारे) होते आणि आपल्याकडे ओरिजिन म्हणून 'नल' हा शब्द येतो. अशा चौकटीला तारांकनानेच पाठवावे लागते, म्हणून तिला गुप्त काहीही पाठवू नये आणि तिची ओळख सोर्सवरून पटवावी. जाता जाता, आपल्याच ओरिजिनवरील पानाला अलाउ-स्क्रिप्ट्स आणि अलाउ-सेम-ओरिजिन हे दोन्ही देऊ नयेत; ते पान मग स्वतःचा सँडबॉक्स स्वतः काढून टाकू शकते.

संदेशाचा आकार साधा ठेवावा: प्रकार, दोन्ही बाजूंनी ठरवलेल्या संदेशरचनेची आवृत्ती, प्रयोगाचा क्रमांक आणि निवडलेल्या खुर्च्यांची यादी. फंक्शन किंवा पानातील एखादा टॅग संदेशात घातला, तर डेटाक्लोनएरर येते, कारण पोस्टमेसेज मजकुराची प्रत पाठवते आणि या दोन गोष्टींची प्रत होत नाही. मराठी संकेतस्थळांसाठी आणखी एक काळजी घ्यावी. 'क १२' अशी खुर्ची देवनागरी अंकांत पाठवली आणि समोरच्या बाजूने त्या १२ चे संख्येत रूपांतर करू पाहिले, तर जावास्क्रिप्ट 'संख्या नाही' असे उत्तर देते. नंबर आणि पार्सइंट दोघांनाही देवनागरी अंक वाचता येत नाहीत. म्हणून संदेशात संख्या हा प्रकारच पाठवावा आणि देवनागरी रूप फक्त पडद्यावर दाखवताना ब्राउझरच्या इंटल-नंबरफॉरमॅट या संख्या मांडण्याच्या सोयीकडून करून घ्यावे. त्यात देवनागरी अंकप्रणाली स्पष्टपणे नमूद केली, की ब्राउझरागणिक फरकाची शंका उरत नाही.

रक्कम मात्र संदेशावरून कधीही ठरवू नये. संदेशातील रक्कम दाखवण्यापुरती. खरी आकारणी सर्व्हरनेच करावी.

उंची आणि अक्षरे

परक्या आयफ्रेमची उंची आपोआप वाढत नाही, म्हणून घटकाने ती मोजून कळवावी लागते. येथे बहुतेक जण डॉक्युमेंटएलिमेंटची स्क्रोलहाइट (पूर्ण पानाची मोजलेली उंची) पाठवतात. ती चौकटीच्या सध्याच्या उंचीपेक्षा कमी होत नाही, त्यामुळे तक्ता एकदा वाढला की नंतर आखडत नाही आणि खाली मोठी पांढरी जागा उरते. त्याऐवजी सगळा मजकूर एका बाह्य डिव्हमध्ये ठेवावा, त्यावर आकार बदलला की कळवणारा रिसाइझऑब्झर्व्हर लावावा आणि त्या डिव्हची उंची वर पूर्णांक करून पाठवावी. घटकाच्या सीएसएसमध्ये व्हीएच हे एकक असेल, तर ते काढावे; आयफ्रेममध्ये व्हीएच म्हणजे चौकटीचीच उंची, त्यामुळे चौकट वाढली की मजकूर वाढतो आणि मजकूर वाढला की चौकट. वरच्या पानानेही आलेला आकडा निमूटपणे न स्वीकारता त्याला एक कमाल मर्यादा घालावी.

वरच्या पानाचा फॉण्ट आयफ्रेममध्ये उतरत नाही. घटकाने देवनागरी फॉण्ट स्वतः आणला पाहिजे आणि एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी अशी नोंदवली पाहिजे. अनेक फॉण्टांत ल आणि श यांची मराठी वळणे त्या नोंदीवरच अवलंबून असतात. फॉण्ट उशिरा आला, की ओळी बदलतात आणि उंचीही बदलते. रिसाइझऑब्झर्व्हर असेल, तर हा बदल आपोआप पकडला जातो.

व्हिडिओ

यूट्यूबच्या चौकटीला स्क्रिप्टने हुकूम द्यायचे असतील, तर पत्त्यात एनेबलजेएसएपीआय हे १ करावे आणि ओरिजिनमध्ये आपला पत्ता द्यावा. त्यांची स्क्रिप्ट तयार झाल्यावर ऑनयूट्यूबआयफ्रेमएपीआयरेडी या नावाचे फंक्शन शोधते आणि ते जागतिक पातळीवर असावे लागते. आपला कोड मॉड्यूल (आपली नावे स्वतःपुरती ठेवणारी फाइल) म्हणून लोड होत असेल, तर ते फंक्शन मॉड्यूलच्या आतच राहते आणि काहीच घडत नाही. ते विंडोवर मुद्दाम जोडावे. त्यानंतरही प्लेअरचा स्वतःचा ऑनरेडी येईपर्यंत प्लेव्हिडिओ किंवा पॉजव्हिडिओ म्हणू नये. त्रुटी क्रमांक १०१ किंवा १५० आला, तर मालकाने तो व्हिडिओ बाहेर लावण्यास मनाई केली आहे असे समजावे. १०० आला, तर व्हिडिओ काढलेला किंवा खासगी आहे.

आवाजासह आपोआप वाजण्याची आशा सोडावी. सफारी, क्रोम आणि फायरफॉक्स या तिघांनी २०१७ ते २०१९ या काळात त्यावर बंधने आणली. आयफ्रेमच्या अलाउ ॲट्रिब्यूटमध्ये ऑटोप्ले लिहिले, तरी वरच्या पानावरील आपल्या बटणाचा क्लिक परक्या चौकटीपर्यंत वापरकर्त्याची कृती म्हणून पोहोचतोच असे नाही, आणि आयफोनवर हे विशेष जाणवते. स्वतःचा व्हिडिओ टॅग असेल, तर प्ले ही आज्ञा जे प्रॉमिस (नंतर कळणारा होकार किंवा नकार) परत देते त्यातील नकार पकडावा आणि नकार आल्यास प्लेअरवरच बटण दाखवावे.

कुकी आणि साठवण: आयफोनवरील कोऱ्या तक्त्याचे कारण

आता मूळ तक्रारीकडे येऊ. आसनतक्ता प्रेक्षकाची ओळख कुकीमध्ये (ब्राउझरने साठवलेल्या छोट्या नोंदीत) ठेवतो. सफारीने मार्च २०२० पासून, १३.१ या आवृत्तीत, परक्या चौकटीतील सर्व कुकी अडवायला सुरुवात केली. फायरफॉक्सने २०२२ साली प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकींचा वेगळा डबा ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली. क्रोम मात्र नेहमीच्या खिडकीत अशा कुकी अजून चालू देतो आणि म्हणूनच विकसकाला दोष दिसत नाही. भारतातील आयफोनवर क्रोमचे चिन्ह दाबले, तरी आत सफारीचे इंजिन वेबकिटच चालते, हेही लक्षात ठेवावे. क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी परक्या कुकी अडवते. घरबसल्या दोष पाहण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

उपाय तीन आहेत आणि माझ्या मते त्यांचा क्रम असा असावा. तिकीट कंपनी तयार असेल, तर तिचा घटक संस्थेच्याच उपडोमेनवर चालवावा. ओरिजिन वेगळे राहते, परंतु साइट एकच ठरते आणि कुकी परकी राहत नाही. अशा कुकींची मुदत सफारी काही परिस्थितींत ७ दिवसांवर आणतो. तिकिटासाठी तेवढी पुष्कळ झाली. मात्र संस्थेच्या प्रशासन विभागाची कुकी संपूर्ण डोमेनसाठी दिलेली असेल, तर ती या उपडोमेनकडेही जाईल, म्हणून ती आधी एका होस्टपुरती मर्यादित करावी.

ते शक्य नसेल, तर कुकी सोडून द्यावी आणि अल्पकाळ चालणारे टोकन (ओळखीचा सांकेतिक मजकूर) पोस्टमेसेजने घटकाला द्यावे. घटकाने ते सर्व्हरकडे हेडरमधून (विनंतीसोबतच्या माहितीतून) पाठवावे. पत्त्यात टोकन घालू नये, कारण पत्ते सर्व्हरच्या नोंदींत साठून राहतात. तिसरा उपाय स्टोरेज ॲक्सेस एपीआय, म्हणजे चौकटीने कुकीची परवानगी मागण्याची सोय. त्याची विनंती चौकटीच्या आतून आणि वापरकर्त्याच्या क्लिकवरच करावी लागते, आणि प्रेक्षकाने त्या तिकीट कंपनीचे संकेतस्थळ पूर्वी कधीच स्वतंत्रपणे वापरले नसेल, तर सफारी ती मान्य करत नाही. नवख्या प्रेक्षकासाठी म्हणून तो कुचकामी ठरतो. लोकलस्टोरेजचा (ब्राउझरमधील साठवणीचा) आधार घेताना ते ट्राय-कॅचमध्ये (त्रुटी पकडणाऱ्या कोडमध्ये) वाचावे. कुकी पूर्ण बंद असलेल्या ब्राउझरमध्ये त्याला नुसता हात लावला, तरी त्रुटी येते.

पैसे भरण्याची पायरी आली, की चौकटीतून बाहेर पडावे. बँका आपली पाने फ्रेम-ॲन्सेस्टर्स किंवा एक्स-फ्रेम-ऑप्शन्स या हेडरांनी चौकटीत उघडू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. ओटीपी भरताना वरच्या पट्टीत बँकेचा पत्ता दिसणे हा ग्राहकाचा हक्क आहे. घटकाने 'पैसे भरायचे' असा संदेश द्यावा आणि वरच्या पानाने संपूर्ण पान त्या पत्त्यावर न्यावे.

स्वतःचा घटक असेल तर

संस्थेचाच एखादा घटक, समजा प्रयोगांचे वेळापत्रक, पाच पानांवर लावायचा असेल, तर आयफ्रेमची गरज नाही. कस्टम एलिमेंट पुरते आणि जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर (क्रोमच्या इंजिनावर) गेल्यापासून सर्व प्रमुख ब्राउझरांत ते चालते. नावात आडवी रेघ असावी लागते. असलेल्या टॅगला 'इज' लावून वाढवण्याचा प्रकार सफारीत नाही, म्हणून तो टाळावा. शॅडो डॉममधून (घटकाच्या बाहेरून झाकलेल्या आतल्या भागातून) बाहेर पाठवायच्या इव्हेंटला बबल्स आणि कम्पोज्ड हे दोन्ही खरे ठेवावेत, अन्यथा बाहेरच्या श्रोत्याला तो ऐकू येत नाही.

तपासणी

प्लेराइट हे साधन क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट या तिन्ही इंजिनांवर एकच चाचणी चालवते आणि आयफ्रेमच्या आत शिरून बटण दाबू शकते. रोजच्या तपासणीसाठी ते पुरेसे आहे, परंतु वेबकिट म्हणजे हातातला आयफोन नव्हे. प्रत्येक प्रकाशनापूर्वी एक खरा आयफोन आणि एक स्वस्त अँड्रॉइड फोन मोबाइल डेटावर तपासावा. हाताने शोध घेताना क्रोमच्या कन्सोलमध्ये वर 'टॉप' असे लिहिलेली यादी उघडून आपली चौकट निवडावी; तसे न करता दिलेल्या आज्ञा वरच्या पानात चालतात आणि घटकाविषयी चुकीचा निष्कर्ष निघतो. तयार संदेश मुद्दाम रोखून, सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून आणि कुकी बंद करून अशा तीन अवस्था जरूर पाहाव्यात. या तिन्ही वेळी प्रेक्षकासमोर कोरी चौकट न येता तिकिटाकडे नेणारा दुवा आला पाहिजे आणि तो दुवा बोटाने दाबून शेवटपर्यंत तपासलेला असला पाहिजे.